डिकीत दोनशे किलो वजनं आणि चार्जरच्या डब्याला हूक नाही

सर्व्हिस सेंटरने अखेर पोर्टेबल चार्जर बदलून दिला. लेखी तक्रार, फोटो, व्हिडिओ, पुन्हा लेखी तक्रार, एवढं सगळं झाल्यावर. माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा अनुभव लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण हे भांडण मिटेपर्यंत थांबलो. आधी लिहिलं असतं तर निव्वळ शिव्याच निघाल्या असत्या.

स्पेसिफिकेशन उगाळत बसत नाही. 60 युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस2 पोर्ट, बाकी माहितीपत्रकात आहेच. माझा वापर मात्र थोडा वेगळा आहे. मी वजनकाट्यांच्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा बरोबर दाखवतो का ते तपासायचं काम करतो. डिकीत वीस-वीस किलोची प्रमाण वजनं असतात, सगळी मिळून दोनशे किलो. एका फेरीत तीन-चार कारखाने, वाटेत मुक्काम, मग परत.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच, की एवढं लोखंड टाकल्यावर रेंज मरत असेल ना? मरत नाही. सपाट रस्त्यावर दोनशे किलोचा खर्च शंभर किलोमीटरला अर्ध्या युनिटच्या जरा वर. घाट लागला तर सहाशे मीटर चढायला त्या वजनाच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश युनिट येतं, आणि त्यातलंही बरंचसं उतारावर रिजनमधून, म्हणजे वेग आवरताना मोटर उलट वीज बनवते त्यातून, परत मिळतं. खरा खादाड वारा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि माझ्या उभट गाडीत शंभर किलोमीटरमागे तीन-साडेतीन युनिट जादा त्यातच जातात. म्हणजे घाईत दाबलेला पाय डिकीतल्या सगळ्या लोखंडाच्या सहापट महाग पडतो. हे गणित मांडल्यापासून मी 85 च्या पुढे जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवोत.

डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्याशी माझं जन्मात जमणार नाही. वीस किलोच्या एम1 या अचूकतेच्या वर्गातल्या वजनात एक ग्रॅमहून जास्त फरक निघाला की आम्ही ते बाद करतो. असल्या धंद्यातल्या माणसाला गाडीने सकाळी 410 किलोमीटर सांगायचे आणि पहिल्या चढावर त्यातले साठ गिळून टाकायचे! तो आकडा मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो, माप नव्हे. माहितीपत्रकातल्या डब्ल्यूएलटीपीचंही, म्हणजे ठरलेल्या चाचणीतून काढलेल्या रेंजचंही तसंच. ती चाचणी अर्ध्या तासाची, जेमतेम 23 किलोमीटरची, आणि थांबे धरून सरासरी वेग ताशी साडेशेहेचाळीस. हायवेवर तासन् तास एकसारखी पळणारी गाडी त्यात कुठे बसते? मी स्क्रीनवर फक्त टक्के आणि शंभर किलोमीटरला लागणारी युनिटं ठेवतो. भागाकार मला येतो.

टक्क्यांवरही आंधळा विश्वास नको, एलएफपीत तर नकोच. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे किती भरली आहे हे बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला) व्होल्टेजवरून नीट कळत नाही. बरेच दिवस अर्धवट चार्ज करत राहिलं की अंदाज सरकतो. एकदा 19 टक्क्यांवरून थोड्याच अंतरात 12 झाले तेव्हा घसा कोरडा पडला होता. आता आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर करतो, त्या टोकाला काटा पुन्हा जुळतो. दुसऱ्या प्रकारच्या, निकेलवाल्या बॅटरीला रोज शंभर करू नका म्हणतात, ते वेगळं.

सुरुवातीचे काही महिने माझं ठाम मत होतं की या गाडीचं खरं दुखणं फास्ट चार्जिंग आहे. चार्जरवर 120 किलोवॅट लिहिलेलं असतं, त्याच चार्जरच्या दुसऱ्या गनवर, म्हणजे केबलवर, कोणी आलं की वाटणी होते. 80 टक्क्यांनंतर वेग असा पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांसाठी बसण्यापेक्षा पुढच्या चार्जरला गेलेलं परवडतं. थंडीच्या पहाटे तर आणखी हाल. बॅटरीच्या गार पेशींत जोरात करंट ढकलला तर लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं, म्हणून बीएमएस स्वतःच हात आखडता घेतं. कारण पटतं, पण नऊ वाजता कारखान्याच्या गेटवर हजर व्हायचं असतं तेव्हा कारण पटून काय उपयोग?

आता ते मत राहिलेलं नाही. कामाच्या प्रवासात गाडी चालते कमी, उभी असते जास्त. मी काट्यावर वजनं चढवत-उतरवत पाच-सहा तास आत असतो. तेवढ्या वेळात साध्या पॉवर पॉइंटवरून तीन किलोवॅटच्या हिशोबाने पंधरा-अठरा युनिट ओढली जातात. तोटा वजा करून माझ्या वेगाने शंभर किलोमीटरची सोय झाली. मुक्कामी दहा तास मिळाले तर सकाळी निम्म्याच्या आसपास बॅटरी भरलेली. त्यामुळे मार्ग ठरवताना फास्ट चार्जर मी नंतर शोधतो. आधी मुक्कामाच्या जागी फोन करून विचारतो, पार्किंगजवळ पॉवर पॉइंट आहे का, आणि त्याला अर्थिंग आहे का? दुसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस हमखास फोन कोणा दुसऱ्याकडे देतो. कारखान्यात परवानगी घेऊन, युनिट मोजून पैसे देतो. मापाच्या धंद्यात राहून फुकट वीज ओढणं शोभत नाही.

म्हणजे माझा सगळा प्रवास ज्याच्यावर उभा आहे ती वस्तू कोणती? डिकीतल्या पिशवीतली पोर्टेबल चार्जरची केबल. आणि तिच्यावर कंपनीने किती डोकं लावलं आहे ते बघा. एका टोकाला तीन पिनांचा प्लग, त्यापासून वीतभर अंतरावर कंट्रोलचा डबा, पुढे गाडीपर्यंत केबल. तो डबा चांगला जड आहे आणि त्याला हूक नाही. अडकवायला कडी नाही, भोक नाही, काही नाही. सॉकेट भिंतीत कमरेच्या उंचीवर असला की डबा आणि केबल यांचा सगळा भार प्लगच्या तीन पिनांवर लोंबकळतो.

तास-दोन तासांनी पिना किंचित खाली ओढल्या जातात आणि पकड सैल होते. चौदा अँपिअर करंट सतत वाहत असताना सैल जागी नुसता 0.1 ओहमचा रोध आला तरी वीसेक वॉट उष्णता तिथेच तयार होते, म्हणजे सॉकेटच्या आत छोटी सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखं. प्लगमधल्या सेन्सरला ते कळतं, तो आधी करंट कमी करतो, मग लाल दिवा लावून मोकळा होतो. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण मी सकाळी उठून बघतो तर बॅटरी जिथल्या तिथे.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं, “साहेब, तुमच्याकडचा सॉकेट खराब आहे.” दर वेळी वेगळ्या गावातला सॉकेट खराब? मग त्यांच्याकडे लावून बघितलं तर छान चालला. का नाही चालणार, सॉकेट नवा घट्ट आणि डबा टेबलावर आरामात ठेवलेला! मी म्हटलं, टेबल काढा, लोंबकळू दे. दुपारी करंट उतरला, संध्याकाळी लाल दिवा. तिथल्या पोराने प्लगला हात लावून पटकन मागे घेतला. त्यानंतरही ‘ही अ‍ॅक्सेसरी आहे, बॅटरीच्या आठ वर्षांच्या वॉरंटीत येत नाही’ हे पालुपद झालंच. पण पिनेवर काळा डाग पडला होता, फोटो होते, शेवटी नवा मिळाला. नव्यालाही हूक नाही. मी डब्याभोवती नायलॉनचा पट्टा बांधला आहे, तो खिळा, गज, खिडकीची जाळी, मिळेल त्याला अडकवतो. तेव्हापासून लाल दिवा नाही. एवढी महाग गाडी बनवणाऱ्यांना एक कडी जड झाली होती का, हा प्रश्न मी लेखी विचारला आहे. उत्तर नाही.

बाकी गाडी कुठे अडली नाही. एसी लावून उभ्या गाडीत रिपोर्ट टाइप करता येतात, व्हिडिओ कॉलवर इंजिनची घरघर नाही. टायर लवकर झिजत आहेत, पण त्याचा दोष डिकीतल्या लोखंडालाही जातो.

व्हीटूएलची, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायच्या सोयीची, मात्र मी खरेदीच्या वेळी चेष्टा केली होती, सहलीला शेगडी लावणाऱ्यांची हौस म्हणून. एका प्रयोगशाळेत नाजूक तराजूचं काम अर्ध्यावर असताना वीज गेली. असा तराजू बंद पडला की पुन्हा चालू करून स्थिर व्हायला मोठा वेळ खातो, आणि आधीचे आकडे वाया. आता तराजू चालू करतानाच गाडीतून 230 व्होल्टची वायर ओढून त्याला देतो. बॅटरीत फरक दिसतही नाही, आणि वीज जावो की राहो, माझं काम चालू राहतं.

राहिली खर्चाची वसुली. ऑफिसच्या फॉर्मवर इंधनाच्या रकान्यात लिटर मागतात. फास्ट चार्जरची पावती बहुतेकदा वॉलेट भरल्याची मिळते, त्यात युनिटं नसतातच. मीटरवर वीस युनिट गेली तर बॅटरीत सतरा-अठराच पोचतात, कारण गाडीतला ऑनबोर्ड चार्जर गरम होतो आणि तासन् तास जागी राहिलेली इलेक्ट्रॉनिक्सही आपला वाटा खाते. मी मीटरची युनिटं लावायला गेलो, तर गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा वेगळा का, असा शेरा मारून फॉर्म परत आला. शेवटी किलोमीटरचा ठरलेला भत्ता घ्यायचं कबूल केलं. तो पेट्रोल गाडी धरून ठरलेला आहे, आणि हिशोब विभागाने अजून त्यावर काही विचारलेलं नाही. मीही स्वतःहून विषय काढत नाही.