‘स्टारी नाइट’ खिशाला लावून: चित्रकारांच्या नावाची महागडी पेनं

चित्रकाराच्या नावाने काढलेलं पेन हातात आलं की मी आधी टोपण काढून निब बघते, अंगावरची नक्षी नंतर. माझं काम अक्षरांचं. पुस्तकांची मुखपृष्ठं, मानपत्रं, लग्नपत्रिका, कधीमधी एखाद्या दुकानाची पाटी. त्यामुळे काचेच्या कपाटात पेन किती शोभतं याची मला फारशी पर्वा नाही. शिरोरेषा एका दमात ओढली तर मधे शाई तुटते का, वेलांटीच्या वळणावर निब कागदाला खुपते का, हे आधी कळलं पाहिजे. आणि पेनावर चित्रकाराचं नाव असेल तर आणखी एक प्रश्न येतो: त्याच्या हाताचं यात काही आहे, की नुसतं नाव?

माझ्याकडे स्वतःचं असं एकच आहे, विस्कोंती कंपनीचं, डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या चित्रांवरून काढलेल्या मालिकेतलं ‘स्टारी नाइट’. लेकीने पन्नाशीला दिलं. बाकीची आमच्या डोंबिवलीतल्या एका दंतवैद्यांची. त्यांचा संग्रह मोठा, आणि स्वभाव त्याहून. “न्या हो ताई, लिहून बघा, फक्त शाई धुवून परत करा,” एवढीच त्यांची अट.

विस्कोंती ही फ्लॉरेन्सची कंपनी, १९८८ साली सुरू झालेली, म्हणजे पेनांच्या दुनियेत तशी तरुणच. व्हॅन गॉग मालिकेत त्यांनी ‘सनफ्लॉवर्स’, ‘आयरिसेस’, फ्रान्समधल्या आर्ल्सची खोली, जुने बूट अशी चित्रामागून चित्रं घेतली. पण पेनावर चित्र छापायचं त्यांनी टाळलं. चित्रातले रंग रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या द्रव्यात, मिसळायचे आणि त्या रेझिनचं पेन करायचं, ही त्यांची पद्धत. रंग कुठे वळेल, कुठे साचेल यावर कुणाचा ताबा नसतो, त्यामुळे एकाच नावाची दोन पेनं सारखी निघत नाहीत. माझ्या पेनात गडद निळ्यातून पांढुरकी लाट वर चढते आणि पिवळा अगदी थोडा, टोपणाच्या कडेला. डॉक्टरांच्या पेनात पिवळा पोटभर. मला माझंच आवडतं. ‘स्टारी नाइट’मधला पिवळा निळ्याच्या जिवावर पेटलेला असतो, तो जास्त झाला की चित्राची हळदीची वाटी होते.

अंगाला पैलू पाडलेत, त्यामुळे टेबलावर पेन गडगडत जात नाही आणि प्रत्येक पैलूवर उजेड वेगळा पडतो. टोपण आट्यांचं नाही, चुंबकाचं आहे. जवळ नेलं की टक् करून बसतं. या आवाजाची सवय लागते, घरातल्यांना तिचा त्रास होतो. क्लिप पुलाच्या कमानीसारखी वाकवलेली, फ्लॉरेन्सच्या पोंते वेक्क्यो या पुलावरून घेतलेली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी कंपनीचं नाव इतकं ठळक आहे की खिशाला लावल्यावर व्हिन्सेंट राहतो आत आणि दिसतं विस्कोंती. मला हे आवडत नाही.

आता निब. ती स्टीलची आहे, आणि पंचवीस-तीस हजारांच्या घरातल्या पेनाला सोन्याची निब नाही ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. माझी ती तक्रार नाही. चांगली घासलेली स्टीलची निब वाईट घासलेल्या सोन्याच्या निबेपेक्षा कधीही बरी. ही मीडियम निब ओली चालते, शाई तुटत नाही, गुळगुळीत कागदावर शिरोरेषा सुरेख ओढली जाते. तक्रार वेगळी आहे. टोक गोल आहे. गोल टोकाची निब कुठल्याही दिशेला तेवढीच जाड रेघ काढते. ‘क’चा दांडा आणि त्याचा पोटफुगा एकाच वजनाचे येतात. हिशेब लिहायला, पत्र लिहायला उत्तम. पण व्हॅन गॉगची रेघ एका वजनाची कधीच नव्हती, आणि हे मी त्याच्या रंगीत चित्रांवरून म्हणत नाही.

१८८८ साली आर्ल्समध्ये हा माणूस तिथले वेत कापून, त्यांचं टोक छाटून चित्रं काढत होता. म्हणजे आपला बोरूच. जपानी चित्रांचं वेड लागलं होतं, तशी रेघ त्याला हवी होती. त्याची ती रेखाटनं जमली तर बघा. शेताला एक तऱ्हेचे ठिपके, गवताला आखूड फटकारे, आभाळाला आणखी वेगळी खूण. बोरू शाई फार धरत नाही, त्यामुळे रेघ सुरू होताना भरलेली आणि संपताना कोरडी. त्याने ती अडचण मानली नाही, तिचाच उपयोग केला. आणि ‘स्टारी नाइट’ सैं-रेमीच्या मनोरुग्णालयात जून १८८९ मध्ये रंगवल्यावर त्याच चित्राचं त्याने बोरूने रेखाटनही केलं, भाऊ थिओला पाठवायला. तेच वळसे, तीच सरूची ज्वाळा, फक्त शाईत. ज्या चित्राचं पेन माझ्या हातात आहे, ते चित्र त्याने स्वतः शाईने काढलं होतं! मग पेन काढणाऱ्यांनी रंग घेतले आणि रेघ सोडून दिली, याचं मला नवल वाटतं. निदान तिरप्या छाटाची, जाड-बारीक रेघ देणारी एक निब सोबत द्यायची. देवनागरी लिहिणाऱ्या आम्हा लोकांची तर चंगळ झाली असती.

शिवाय त्याची आठशेहून जास्त पत्रं उरली आहेत आणि कितीतरी पत्रांत मजकुराच्या मधेच शाईने चित्र काढलेलं आहे. लिहिणं आणि काढणं या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवत नव्हता. त्यामुळे पेन हे त्याच्या आठवणीसाठी अगदी योग्य वस्तू आहे, उगाच आणलेली नाही. “गरीब चित्रकाराच्या नावाने महाग पेन” हा टोमणा सोपा आहे, पण मला त्यात रस नाही. त्याची चित्रं असलेले मगही विकले जातात, आणि मगने कुणी पत्र लिहीत नाही.

माँब्लाँ या दुसऱ्या पेनकंपनीनेही व्हॅन गॉग घेतला, ‘मास्टर्स ऑफ आर्ट’ या त्यांच्या मालिकेत. त्यांची तऱ्हा वेगळी. मोठी आवृत्ती ४८१० नगांची, कारण माँ ब्लाँ शिखराची उंची ४८१० मीटर मानली जाते. मग त्याहून छोट्या आवृत्त्या, नग कमी होत जातात तशी किंमत चढत जाते. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. निब सोन्याची, घासलेली इतकी नीट की माझ्या खरखरीत हातकागदावरसुद्धा अडखळली नाही. पण डॉक्टरांनी ते दिलं तेव्हा हातमोजे घालायला सांगावेत तसा चेहरा केला, आणि मी चार ओळी लिहून ते परत पेटीत ठेवलं. ज्याच्यावर ओरखडा पडेल या भीतीने हात आखडतो, ते पेन माझ्या कामाचं नाही. पेनाच्या अंगावर इतकं काही घडतं की लिहिताना नजर कागदाकडे राहत नाही.

याच कंपनीचं २०१५ चं, अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या नावाचं पेन मात्र मला मनापासून पटलं. कॅपवर कॅम्पबेल सूपचे डबे! दुकानातला डबा वॉरहॉलने चित्रात नेला, आणि यांनी चित्रातला डबा पुन्हा दुकानात आणला. यावर तो स्वतः खूश झाला असता, असं मला वाटतं. पन्नासच्या दशकात तो न्यूयॉर्कमध्ये बुटांच्या जाहिराती काढायचा. कागदावर शाईने रेघ काढायची आणि ओली असतानाच दुसऱ्या कागदावर दाबून उठवायची, ही त्याची युक्ती. तुटक, फुटकी, सुंदर रेघ यायची. धंदा आणि कला यांच्यात त्याने कुंपण घातलंच नाही. त्यामुळे त्याच्या नावाचं चैनीचं पेन खोटं वाटत नाही.

डॉक्टरांच्या संग्रहातलं मला सगळ्यांत भारी वाटलेलं पेन कुणाच्याच नावाने काढलेलं नाही. जपानच्या नामिकी कंपनीचं, काळ्या लाखेवर सोनेरी मासे. माकी-ए म्हणतात या कामाला. लाखेने चित्र काढायचं, ती ओली असताना सोन्याची पूड भुरभुरायची, वाळू द्यायची, पुन्हा लाख, मग कोळशाने घासून चित्र वर आणायचं. खाली कारागिराची सही असते. दुसऱ्या कुणाच्या चित्राला सलाम करायची गरजच नाही, चित्रकार इथेच हजर आहे. किंमत विचारली नाही. काही गोष्टी विचारल्या की झोप जाते.

नावाचा जोर किती चुकीच्या जागी लागू शकतो, याचं आपल्याकडचं उदाहरण बऱ्याच जणांना आठवत असेल. चित्रकाराचं नाही, पण सांगायलाच हवं. २००९ मध्ये गांधी जयंतीच्या तोंडावर माँब्लाँने महात्मा गांधींच्या नावाने सोन्याचं पेन आणलं. नग २४१, दांडीयात्रेच्या मैलांवरून. किंमत दहा लाखांच्या वर, निबेवर काठी घेऊन चाललेले बापू. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये कंपनीने विक्री थांबवली. यात मला खटकतं ते एवढंच नाही की पेन महाग होतं. गांधींना पेनाबद्दल स्वतःचं म्हणणं होतं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी देशी पेन घडवून त्यांना दिलं, आणि १९३५ मध्ये गांधींनी पसंतीचं पत्र लिहून दिलं. ज्याच्या आवडीचं पेन माहीत आहे, त्याच्या नावाने नेमकं त्याच्या उलटं पेन काढायचं? मैल मोजले, आणि माणूस वाचायचा राहिला.

तर घ्यावं का? विस्कोंती घ्यायचं असेल तर फोटो बघून मागवू नका. दुकानात दोन-तीन नग समोर ठेवायला सांगा आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातले पिवळे दिवे निळ्या रेझिनची वाट लावतात. नुसतं बुडवून दोन गिरगोट्या काढू नका, आपलं नाव देवनागरीत लिहा, जोडाक्षरांसकट. टोपण मागे लावून लिहायची सवय असेल तर तसंही बघा, मला तोल मागे गेल्यासारखा वाटतो, म्हणून मी टोपण टेबलावर ठेवते. मी यात कॅमलची रॉयल ब्लू घालते आणि ती छान चालते. चित्र काढायची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र कुठल्याही फाउंटन पेनात घालू नका, त्यातली लाख आत सुकली की निबेखालची शाई आणणारी जीभ चोंदते आणि दुरुस्तीवाला आधी तुमच्याकडे आणि मग घड्याळाकडे बघतो.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी ‘जुने बूट’ घेईन. तपकिरी, मातकट, जरा उदास रेझिन, दुकानात कुणी पटकन उचलत नाही असं. आणि उरलेल्या पैशांत तिरप्या छाटाची निब घासून घेईन.