जर्मनीतली सार्वजनिक व्याख्यानं: आधी म्युनिक की बर्लिन?

नोकरीसाठी किंवा शिकायला जर्मनीत आलेल्या, जर्मन भाषेची बी-वन ही मधली पातळी पार केलेल्या आणि आता या देशाचा इतिहास, इथली शोधक माणसं समजून घ्यावीत असं मनापासून वाटणाऱ्या मराठी माणसासाठी हे लिहितो आहे. संध्याकाळच्या व्याख्यानांना जायचं तर कुठे जावं? म्युनिकचं डॉइचेस म्युझियम हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय आणि बर्लिनची उरानिया ही व्याख्यानसंस्था, ही दोन मोठी नावं. मी दोन्हीकडे बसून ऐकलं आहे. दोन्ही चांगली आहेत, पण कान वेगळे लागतात.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेमुळे आपल्याला 'तिकीट काढून किंवा न काढता विद्वानांचं ऐकायला जाणं' नवं नाही. बर्लिनमध्येही ही रीत जुनी. निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी तिथे 1827-28 च्या हिवाळ्यात विश्वावर जाहीर व्याख्यानं दिली. विद्यापीठाचं दार तेव्हा स्त्रियांना बंद होतं, पण सिंगअकादमीच्या सभागृहातल्या या व्याख्यानांना राजापासून कारागिरांपर्यंत सगळे आले आणि स्त्रियाही आल्या. उरानिया ही याच परंपरेतली. खगोलशास्त्रज्ञ विल्हेल्म फोर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1888 साली काढली. पुढच्याच वर्षी तिथे लोक स्वतः बटण दाबून प्रयोग करून पाहत होते. आज शोनेबर्ग भागात 'आन डेर उरानिया' या रस्त्यावर तिचं सभागृह आहे. कार्यक्रमपत्रिकेत इतिहास, राजकारण, वैद्यक, अवकाश सगळं शेजारी शेजारी असतं. सभासद झालात तर तिकीट स्वस्त पडतं. महिन्यातून दोनदा जाणार असाल तर सभासदत्व घ्याच.

म्युनिकची गोष्ट निराळी. इसार नदीतल्या बेटावरचं हे संग्रहालय ऑस्कर फॉन मिलर या अभियंत्याच्या जिद्दीतून उभं राहिलं. स्थापना 1903 ची, बेटावरची इमारत खुली झाली ती 7 मे 1925 ला, मिलर यांच्या सत्तराव्या वाढदिवशी. इथे सर्वसामान्यांसाठी संध्याकाळची व्याख्यानं होतात आणि संशोधकांचं सोमवारचं वेगळं सत्रही असतं. ते सोमवारचं सत्र विज्ञानाच्या इतिहासावर असतं, जरा जड जातं, पण विषयात रस असेल तर सोडू नका. म्युनिकची खरी ताकद मात्र वस्तूंमध्ये आहे. ओटो फॉन गेरिके यांचे हवा काढून घेतलेले, घोड्यांनाही ओढून वेगळे न झालेले मूळ अर्धगोल, रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन, सीमेन्सची 1879 ची विजेवरची छोटी आगगाडी हे सगळं याच संग्रहातलं. दुपारी वस्तू पाहून संध्याकाळी ऐकायला बसलात तर निम्मी जर्मन न कळूनही विषय कळतो. बी-वनवाल्याला मी म्हणूनच आधी म्युनिक सुचवतो. मुलं बरोबर असतील तर दुसरा विचारच करू नका. एक सावधगिरी घ्या: संग्रहालयाचं मोठं नूतनीकरण टप्प्याटप्प्याने चाललं आहे. कुठली दालनं उघडी आहेत ते निघण्याआधी बघून घ्या.

आता दोन्ही शहरांमधला खरा फरक एका टेबलावरून सांगतो.

डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात अणुविखंडनाच्या, म्हणजे अणूचं केंद्रक फुटतं या शोधाचं टेबल आहे. डिसेंबर 1938 मध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करून जे पाहिलं, त्याची उपकरणं त्यावर मांडलेली आहेत. अभियंत्याला तिथून हलवत नाही. पण प्रयोग एका टेबलावर झालाच नव्हता. मारा एका खोलीत, रासायनिक विलगीकरण दुसऱ्या खोलीत आणि मोजणी तिसऱ्या खोलीत होत असे, नाहीतर किरणोत्सर्गाने मोजमाप बिघडलं असतं. शिवाय हे टेबल कित्येक वर्षं एकट्या हान यांच्या नावाने मांडलेलं होतं. ज्यांच्याबरोबर हे संशोधन वर्षानुवर्षं चाललं होतं, त्या लिझं माइटनर ज्यू कुटुंबातल्या. जुलै 1938 मध्ये त्यांना देश सोडून पळावं लागलं. स्वीडनमधून त्यांनी आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी निष्कर्षांचा भौतिकशास्त्रीय अर्थ लावला. 1944 चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं. संग्रहालयाच्या सन्मान-दालनात माइटनर यांचा अर्धपुतळा आला तो 1991 मध्ये.

वस्तू पाहून 'कसं' हे कळतं. 'कुणाला वगळून' हे कळायला बर्लिनला जावं लागतं, असं माझं मत. म्युनिकमध्ये हे कुणी सांगत नाही असं नाही. पण बर्लिनमध्ये ते टाळताच येत नाही. उरानियाखेरीज टोपोग्राफी डेस टेरर्सच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांनाही जा. नाझींच्या गेस्टापो या गुप्त पोलिसांची आणि एसएस या दलाची मुख्यालयं जिथे होती, त्याच जागेवर हे केंद्र आहे आणि तिथे प्रवेश विनामूल्य आहे. तिथे भाषा अवघड असते, कागदपत्रांतली. बी-टू नसेल तर थकायला होतं.

पण भाषेचं एक सांगतो. जर्मन पोटवाक्यात क्रियापद शेवटी येतं म्हणून इंग्रजी बोलणारे कावतात. आपल्याला मराठीने तेच शिकवलं आहे, शेवटपर्यंत थांबायची सवय आहे. पहिली दोन-तीन व्याख्यानं जड जातील, मग कान बसतो. वेळेआधी पोचा. विद्यापीठात पंधरा मिनिटं उशिरा सुरू करण्याची जुनी रीत आहे, तिचा भरवसा सार्वजनिक सभागृहात धरू नका.

या दोन्ही शहरांपासून लांब राहत असाल तर गावातल्या फोल्क्सहोखशूलंची पत्रिका मागवा. 1919 च्या वायमार राज्यघटनेतच या लोकशिक्षण संस्थांना प्रोत्साहन देण्याचं कलम होतं. तिथे शुल्क कमी, गर्दी कमी आणि प्रश्न विचारायला धीर होतो. वक्ता कोण मिळेल ते मात्र गावावर अवलंबून.

बर्लिनला गेलात तर व्याख्यानाच्या दिवशी दुपार मोकळी ठेवा आणि यू-थ्री या मेट्रोने डालेम भागात जा. टीलआले रस्त्यावरच्या ज्या इमारतीत विखंडनाचा शोध लागला, तिला आता हान आणि माइटनर या दोघांचं नाव आहे. तिथून थोडं चालत गेलं की ईनेश्ट्रासं 22 ही इमारत लागते. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इथल्या मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली आपल्या इरावती कर्वे संशोधन करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, ही तिथली अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं आपल्या प्रबंधात लिहिलं. हीच संस्था पुढे नाझींच्या वंशविज्ञानाचा आधार झाली. आज तिथे फ्री युनिव्हर्सिटीचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात.