गाडी मिसिंग मारतेय: ओबीडी डोंगल घ्यावा की रिटर्नच्या बाटल्या?

कोकणात पावसाळा लागला की डिझेल गाड्यांची तक्रार ठरलेली. आयडलिंगला इंजिन थरथरतं, चढाला तिसऱ्या गिअरवर रेस दिली की आचके बसतात, सकाळी सेल्फ लांबतो. गॅरेजला नेण्याआधी घरीच कारण शोधायचं म्हटलं तर दोन साधनं हाताशी येतात. एक म्हणजे मोबाईलला जोडायचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल, गाडीच्या कॉम्प्युटरमधले (ईसीयू) दोषांचे कोड आणि आकडे ॲपवर दाखवणारा. दुसरं म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत फिरणारं डिझेल, मोजायचा चार बाटल्यांचा संच. किमतीत फार अंतर नाही. मी दोन्ही वापरतो, आणि एकच घ्यायचं असेल तर काय घ्यावं एवढाच इथे प्रश्न आहे. डोळ्यांसमोर आहेत त्या सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या) इंजेक्टरवाल्या कॉमन रेल गाड्या, म्हणजे ज्यांत रेल नावाच्या एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल मिळतं: 1.3 लिटर डिझेलच्या स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, व्हिस्टा, पुंटो आणि त्यांच्या जातकुळीतल्या.

दोन्हींच्या आधी एक फुकटचं काम करून घ्या. डिझेल फिल्टरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सैल करून 100-150 मिली डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर ते पाणी. अर्धी टाकी ठेवून गाडी आठवडाभर उभी राहिली की इथल्या दमट हवेतलं पाणी टाकीत आतून साचू शकतं, आणि हळूहळू ते फिल्टरपर्यंत पोचतं. पाणी निघालं तर फिल्टर बदला; हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पाण्याने तो घासतो. तळाशी चांदीसारखा चमकणारा बारीक कीस दिसला तर मात्र गाडी चालवूच नका. पंप आतून झिजतोय, आणि तो कीस पुढे इंजेक्टरात जातो.

आता डोंगल. त्याचा खरा उपयोग विजेच्या दोषांत. देवगड, मालवण, हर्णैसारख्या समुद्राकाठच्या गावांत गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की कपलरच्या पिना हिरव्या पडतात, इंजिनची अर्थ-पट्टी गंजते. परसात उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. अशा वेळी पी 0201 ते पी 0204 यांपैकी कोड आला तर कोणत्या इंजेक्टरच्या वायरिंगकडे बघायचं ते लगेच कळतं. क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते ईसीयूला सांगणारा) गरम झाल्यावर दगा देत असेल, म्हणजे तापलेली गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होते, तर सेल्फ मारताना ॲपवर आरपीएम शून्य दिसतो. एवढा सरळ पुरावा घरी दुसऱ्या मार्गाने सहसा मिळत नाही. शिवाय डोंगल लावून गाडी रस्त्यावर नेता येते. कशेडीला बोगदा झाल्यापासून महामार्गावर पूर्वीसारखा लांब चढ मिळत नाही. इंजिनला लोड देऊन बघायचं तर आंबा किंवा कुंभार्ली घाट बरा. ॲपवर रेल प्रेशरचा आलेख लावा. आकडा किलोपास्कलमध्ये येतो, त्याला शंभराने भागलं की बार. गरम इंजिनला आयडलिंगवर साधारण 250 ते 300 बार हवेत. सेल्फ मारताना 150-200 च्या वर गेलंच नाही तर इंजेक्टर उघडण्याची परवानगीच मिळत नाही, म्हणून गाडी नुसती फिरते.

इथपर्यंत डोंगल उत्तम. पण मिसिंगची तक्रार घेऊन बसलं की बहुतेक वेळा एकच कोड समोर येतो, पी 0087, रेल प्रेशर कमी. माझं मत तिथेच फिरलं. हा कोड गुन्हा सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. फिल्टर चोंदला, लाईनला एअर धरली, पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला, पंप झिजला, रेलवरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, सेन्सर खोटं बोलतोय, किंवा एखादा इंजेक्टर मागच्या मागे डिझेल सोडतोय: सगळ्यांसाठी तोच कोड. स्वस्त डोंगलवर बहुतेक गाड्यांचं फक्त प्रत्यक्ष प्रेशर दिसतं. ईसीयूने किती मागितलं होतं आणि कोणत्या सिलिंडरला किती जादा डिझेल द्यावं लागतंय हे आकडे दिसत नाहीत. ते गॅरेजच्या मोठ्या स्कॅनरवर असतात. मग लोक अंदाजाने आधी रेल सेन्सर बदलतात, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह. खर्च होत जातो आणि गाडी तशीच आचके देते. कोड पुसला की दोन दिवस बरं वाटतं, ते वेगळंच.

बाटल्या नेमक्या याच जागी कामाला येतात. इंजेक्टर उघडताना थोडं डिझेल वरच्या बाजूने परत टाकीकडे जातं, ते रिटर्न. आतला कंट्रोल व्हॉल्व्ह झिजला की रिटर्न वाढतं, रेलमधलं प्रेशर तिथूनच गळतं, आणि शिक्षा चारही सिलिंडरना होते.

इंजिन गरम करून बंद करा. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या रिटर्न नळ्यांच्या क्लिपा एकेक करून वर काढा. प्लॅस्टिक जुनं असेल तर घाई नको, क्लिप तुटते. ओ-रिंग कुठे पडली तेही बघा. चारही निपलना सारख्याच लांबीच्या नळ्या लावून बाटल्यांत सोडा आणि गाडीच्या मूळ रिटर्न लाईनची इंजेक्टरकडची मोकळी तोंडं बूच लावून बंद करा. रेलवर प्रेशर व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या रिटर्नला पाचवी बाटली लावावी. संचात ती नसते, साधी पाण्याची बाटली चालते. मग आयडलिंगवर दोन मिनिटं, त्यानंतर 2500 आरपीएमच्या आसपास अर्धा मिनिट. बाटल्या शेजारी ठेवून पातळी बघा. मिलीलिटरचा आकडा गाडीगणिक बदलतो, त्यात अडकू नका. एक बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर गळतोय. चारही सारख्या आणि कमी भरल्या आणि तरीही प्रेशर येत नाही, तर इंजेक्टर सोडा, पंप आणि फिल्टरकडे वळा. पाचवीत धार लागली तर संशय रेलच्या व्हॉल्व्हवर. गाडी सुरूच होत नसेल तर नुसता सेल्फ मारून बघा: चांगल्या इंजेक्टरमधून तेवढ्यात थेंबभरच येतं.

याच संचाच्या जोडीला फूटभर पारदर्शक नळी ठेवा. टाकीत पंप नसलेल्या गाड्यांत फिल्टर आणि हाय प्रेशर पंपाच्या मधे ती तात्पुरती जोडली की एअर डोळ्यांना दिसते. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडून द्या. रेस दिल्यावर माळ लागली तर लाईन कुठेतरी हवा ओढतेय. बहुधा फिल्टरच्या कपची ओ-रिंग किंवा कपलिंग. बाहेर डिझेलचा ओलावा शोधून उपयोग नाही, कारण ओढणारी फट बाहेर गळत नाही. चढाला पंप जास्त जोराने खेचतो म्हणून आचके तिथेच आधी जाणवतात.

बाटल्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नोझलचं टोक ठिबकत असेल किंवा फवारा बिघडला असेल तर रिटर्न अगदी नॉर्मल येतं. तिथे धूर आणि ठोका हीच खूण. इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वॉशर गेला असेल तर भोवती काळं डांबर साचतं आणि छुक-छुक आवाज येतो. ते नुसत्या नजरेने कळतं. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तरी बाटल्या गप्प राहतात. पिझो इंजेक्टरवाल्या (कॉइलऐवजी पिझो स्फटिकाने उघडणाऱ्या) गाडीला ही चाचणी करूच नका, कारण त्यांतल्या बऱ्याच इंजेक्टरना रिटर्न लाईनमध्ये ठरावीक दाब लागतो आणि नळी उघडी केली की तेच नीट चालत नाहीत.

आणि एक गोष्ट दोन्ही साधनांपेक्षा महत्त्वाची. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनवर इंजेक्टरचे नट एकेक सैल करून मेलेला सिलिंडर शोधायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती कृपा करून कोणी वापरू नका. रेस दिल्यावर हजार बारच्या वरची ती धार हातमोज्यासकट कातडीत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी आत डिझेल गेलेलं असतं. तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. मेलेला सिलिंडर ओळखायचाच तर थंड गाडी सुरू करून पहिल्या मिनिटात इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे चार पाय मोजा. जो मागे थंड राहतो तो.

गाडी 2013 नंतरची असेल, चेक लाईट लागत असेल आणि गाडी अचानक बंद पडत असेल, तर डोंगलने सुरुवात केलेली बरी. पण लाईट न लागता थरथर, लांबलेला सेल्फ, चढाला आचके, ही इथली नेहमीची तक्रार असेल तर मी बाटल्याच सुचवेन. डोंगल शेजाऱ्याकडून किंवा मित्राकडून पाच मिनिटांसाठी मागून आणता येतो.

गळणारा इंजेक्टर सापडला की काढण्याआधी त्यावर सिलिंडरचा नंबर टाका. बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घाला. नवा इंजेक्टर असेल तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरून घ्यायला विसरू नका. ते काम स्वस्त डोंगल करत नाही, त्यासाठी गॅरेजचा स्कॅनर लागतो. कोड न भरता गाडी चालते, पण आयडलिंगची थरथर पूर्ण जात नाही आणि दोष नव्या इंजेक्टरवर येतो.