साठ युनिटचे पैसे, चोवीस युनिटचं बोटॉक्स

घोडबंदर रोडला हल्ली मेडिकलच्या दुकानांइतकीच स्किन क्लिनिक्स झाली आहेत. त्यातल्या एकाने मला बोटॉक्समध्ये, म्हणजे सुरकुत्या घालवायच्या इंजेक्शनात, फसवलं. फसवण्याची रीत इतकी साधी आहे की ठाण्यात आणखी किती जणींना ती लागू झाली असेल देव जाणे. तक्रार चालू आहे म्हणून नाव देत नाही.

मी बँकेत काउंटरला बसते. भुवयांच्या मधल्या दोन उभ्या रेघा एवढ्या खोल गेल्या होत्या की पेन्शनवाले आजोबाही विचारायचे, "काय मॅडम, आज चिडलात का?" म्हणून बोटॉक्स करायचं ठरवलं. "वय झालं की सुरकुत्या येणारच" हा उपदेश ज्यांच्या ओठांवर आलाय त्यांनी तो आपल्या घरीच ठेवावा.

बोटॉक्सचा डोस युनिटमध्ये मोजतात. क्लिनिकची ऑफर होती: साडेचारशेचं युनिट तीनशेला. भुवयांमधल्या रेघा, कपाळ आणि डोळ्यांचे कोपरे मिळून "तुम्हाला साठ युनिट लागतील मॅडम", म्हणजे अठरा हजार. आकडा अवाच्या सवा वाटला नाही, कारण मी आधी वाचलं होतं. बोटॉक्सच्या माहितीपत्रकात या तीन जागांचे डोस २०, २० आणि २४ असे दिलेले आहेत.

त्या दिवशी काउन्सेलरने माझ्यासमोर नारिंगी टोपणाच्या इन्सुलिनच्या सिरिंज धरल्या. दोन होत्या, दोन्ही आतल्या खोलीतून भरूनच आणलेल्या. तिने नखाने रेघ दाखवली. "हे बघा, तीस. आणि ही तीस. साठ झाले ना? आमच्याकडे सगळं ट्रान्स्परंट असतं." मी चष्मा लावून पाहिलं, तीस-तीसच होतं. बाटली मागितली तर म्हणाली, "ती फ्रीजमध्ये असते, बाहेर काढली की खराब होते." (औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं हे खरं, पण दोन मिनिटं बाहेर काढून दाखवल्याने ते नासत नाही.)

तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, दोनेक आठवड्यांत पुरता दिसतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो, असं सांगितलं होतं. माझं कपाळ थोडंसं सैलावलं आणि दुसरा महिना लागायच्या आतच आठ्या पुन्हा जागेवर. क्लिनिकमध्ये गेले तर उत्तर तयार होतं: "तुमचे मसल्स स्ट्राँग आहेत. आता मध्ये फिलर भरावा लागेल." फिलर म्हणजे खोल रेघ भरून काढायला त्वचेखाली टोचतात ते जेल. वर आणखी बावीस हजार.

फिलर घ्यायच्या आधी नौपाड्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंना गाठलं. माझ्या नणंदेची सोरायसिसची ट्रीटमेंट त्यांच्याकडेच चालते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सलाईन किती घातलं होतं?" मला काय माहीत? त्यांच्यासमोरच क्लिनिकला फोन लावला, अगदी साळसूद आवाजात. सिस्टरने सरळ सांगून टाकलं, "शंभरच्या बाटलीत अडीच एमएल, मॅडम. सगळ्यांना तेच."

बाईंनी पॅडवर हिशेब मांडला. बोटॉक्सच्या बाटलीत तळाला पावडरीचा जेमतेम एक थर असतो, त्यात सलाईन घालून ते पातळ करतात. शंभर युनिटांत अडीच एमएल घातलं की ०.१ एमएलमध्ये ४ युनिट येतात. अडीच एमएल घालण्यात काहीच गैर नाही, खूप डॉक्टर तेवढंच घालतात. खोट मोजण्यात आहे. त्या एक एमएलच्या सिरिंजवरच्या शंभरपर्यंतच्या रेघा इन्सुलिनच्या युनिटच्या असतात, बोटॉक्सशी त्यांचा संबंध नाही. तीसची रेघ म्हणजे ०.३ एमएल, म्हणजे १२ युनिट. दोन सिरिंजचे २४. बाटलीत एकच एमएल घातलं असतं तरच रेघा आणि युनिट जुळले असते. म्हणजे तीनशेचं म्हणून विकलेलं युनिट मला साडेसातशेला पडलं! गवळ्याने घातलेलं पाणी निदान दुधाच्या रंगावरून कळतं. इथे औषधही पाण्यासारखंच दिसतं, त्यामुळे सलाईन आणि रेघ या दोन आकड्यांशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

युनिटचा भाव विचारताना ब्रँडही विचारा. डिस्पोर्ट या बोटॉक्ससारख्याच दुसऱ्या ब्रँडमध्ये फक्त भुवयांमधल्या रेघांनाच ५० युनिटांचा डोस आहे, जिथे बोटॉक्सचे २० लागतात. दोन्हींचे युनिट वेगळे. ब्रँड न सांगता "पन्नास युनिट देतो" म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं.

फिलरचं ऐकून मात्र बाईंचा चेहराच बदलला. भुवयांच्या मधे फिलर देणं सर्वांत जोखमीचं. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, आणि फिलर चुकून आत गेला तर कायमची दृष्टी जाऊ शकते. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर असेल तर तो विरघळवणारं हायल्युरोनिडेज हाताशी हवं आणि ते वापरता येणारा डॉक्टर खोलीत हवा. माझ्या क्लिनिकमध्ये फिलरचा आग्रह कोण करत होतं? डॉक्टर नव्हे, काउन्सेलर. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण स्वतःच अर्धवट डोस द्यायचा आणि रेघ गेली नाही म्हणून त्याच जागी फिलर भरायला निघायचं, याचा संताप जास्त.

मग कागद मागितले. बिलावर एकच ओळ: "ॲण्टी-एजिंग पॅकेज". औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, युनिट नाहीत, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नाही. (इंजेक्शन देणाऱ्याचा हा क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. जाण्याआधीच तपासा.) पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा मी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. कागद आले नाहीत, मॅनेजरचा फोन आला: "मॅडम, एक सेशन फ्री करून देतो, विषय संपवू." मी म्हटलं, सेशन नको, नवीन बिल द्या. त्यावर ब्रँड, बॅच, किती एमएल सलाईन आणि किती युनिट ते लिहा. त्यानंतर फोन नाही.

आता ग्राहक आयोगात जातेय. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. यूपीआयची पावती, बिलाचा फोटो आणि "साठ युनिट कन्फर्म" असा त्यांचाच व्हॉट्सॲप मेसेज मी जपून ठेवलाय. तुम्हीही बोटॉक्सला जाणार असाल तर बाटली समोर उघडायला सांगा, त्यात किती एमएल घातलं ते विचारा आणि लेबलचा फोटो काढा. "फोटो अलाउड नाही" म्हणाले, तर खुर्चीवरून उठा.