आठ साधे माग ठेवावेत की दोन रेपियर बसवावेत?

इचलकरंजीत आठ साधे माग भंगारात काढून दोन जुने रेपियर (बिनधोट्याचे वेगवान माग) आणायचं घाटत असेल, तर आधी मीटर मांडा. 52 पिकाचं कापड, म्हणजे इंचाला बाण्याचे 52 आडवे धागे धरले, तर मीटरला सुमारे 2,050 पिकं. साधा माग मिनिटाला 120 पिकं मारतो. कांडी (धोट्यातली बाण्याच्या सुताची नळी) बदलणं, धागा जोडणं वजा जाता 75 टक्के चालला तर 24 तासांत 63 मीटर. रेपियर 350 च्या वेगाने 85 टक्के चालला तर 209. म्हणजे आठ मागांचे 500 वर, दोन रेपियरचे 420 च्या आत! एजंट सांगतो ते 'तिप्पट उत्पादन' एका मागापुरतं खरं, शेडला नाही.

मग रेपियर घ्यायचा तो कापडासाठी. त्यात बाणा इकडून तिकडे नेणारा धोटा नाही, त्यामुळे कांडीही नाही. बाणा थेट कोनवरून येतो आणि कांडीगणिक माग थांबून कापडावर पडणारे पट्टे टळतात. पन्हा मोठा, बाण्यात रंग जास्त, माणसं कमी. पण त्याला सायझिंग (ताण्याला खळ देणं) चोख लागतं, इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं तर गावातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, हात टेकतो, आणि काठ झालरीचा येतो. धोतराला बंद काठ हवा, तिथे अजून धोटाच.

खर्चीवाल्याची, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्याची, खरी गोची मजुरीत आहे. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी पिकावर. इथे पीक म्हणजे इंचातलं; उदाहरणाला पिकाला मीटरमागे 10 पैसे धरा: 52 पिकाला मीटरला 5 रुपये 20 पैसे. तेच कापड, तोच दर, तर रेपियरवर दिवसाची मजुरी आठ मागांपेक्षा कमीच भरते. कामगारांचा पगार वाचतो खरा, पण त्या जागी बँकेचा हप्ता बसतो, आणि व्यापाऱ्याकडून बीम (ताण्याचा रूळ) आला नाही म्हणून हप्ता थांबत नाही. सबसिडीचं गणित तर सोडाच. नव्या यंत्रांना सबसिडी देणारी केंद्राची ए-टफ योजना मार्च 2022 अखेर संपली.

माझं मत विचाराल तर चांगल्या शर्टिंगसाठी जास्त मजुरी देणारा व्यापारी हाताशी असेल तरच रेपियर. नसेल तर दोन मागांवर डॉबी (नक्षी विणायचं जोडयंत्र) चढवा, चार नवे नमुने विणा आणि ते घेऊन बाजारात फिरा. बाकीचे सहा माग तोवर घर चालवतील.