आयसॉट की टीटीएस? प्रत्यारोपणातल्या नव्या डॉक्टरांसाठी

डीएम नेफ्रो, म्हणजे किडनीविकारांचं सुपरस्पेशालिटी शिक्षण, झालं, एखाद्या रुग्णालयाच्या किडनी प्रत्यारोपणाच्या टीममध्ये रुजू झालात, की पहिल्याच कॉन्फरन्सला जेवणाच्या रांगेत कुणीतरी सिनियर विचारतात, ‘मेंबर झालास का रे?’ कशाचा, ते सांगत नाहीत. बहुधा दोनांपैकी एकीचा: आयसॉट ही प्रत्यारोपणवाल्यांची भारतीय सोसायटी, टीटीएस ही आंतरराष्ट्रीय.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. सोसायटीचं सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली नोंदणी होते ती रुग्णालयाची. तुमची स्वतःची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे. मेंदूमृत दात्याची किडनी कुणाला, हे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं (झेडटीसीसी) प्रतीक्षायादीवरून पाहतात. तिथे तुमचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही.

मग पैसे भरायचे कशासाठी? माणसांसाठी. आणि या निकषावर माझं मत आयसॉटच्या, म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ ऑर्गन ट्रान्सप्लांटेशनच्या बाजूने झुकतं.

आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्याची. ओपीडीत येणारे प्रश्नही त्यातूनच निघतात. बायको किडनी द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. रक्तगटाची तफावत असूनही करायचं, की तशाच अडलेल्या दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल लावायची? अदलाबदल म्हटली की त्याला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीची कागदपत्रं आली. पेशंटला पूर्वी टीबी होऊन गेलाय. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून द्यायचं टॅक्रोलिमस सहा महिन्यांनी परवडेनासं होतं आणि नातेवाईक न सांगता डोस निम्मा करतात. यांची उत्तरं परदेशी गाइडलाइनच्या तळटिपेत मिळाली तर मिळाली. अहमदाबादला अदलाबदलीचं काम वर्षानुवर्षं चाललंय, तिथल्या माणसाचा नंबर तुमच्या फोनमध्ये असणं जास्त मोलाचं. असा नंबर आयसॉटच्या वार्षिक कॉन्फरन्सला मिळतो, बहुतेक वेळा सभागृहाबाहेर. शिवाय आजीव सभासदत्व एकदाच घ्यायचं. ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रान्सप्लांटेशन’ ही संस्थेचीच पत्रिका, तुमच्या सेंटरचा अनुभव लिहायला घरची जागा.

टीटीएस, म्हणजे द ट्रान्सप्लांटेशन सोसायटी, १९६६ ची. कार्यालय माँट्रियलला, पहिले अध्यक्ष नोबेल विजेते पीटर मेडावर. शरीर परका अवयव का नाकारतं, या प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या माणसांनी उभी केलेली संस्था, त्यामुळे तिचा जीव आजही संशोधनात रमतो. ‘ट्रान्सप्लांटेशन’ हे जर्नल तिचं. जागतिक अधिवेशन दर दोन वर्षांनी : २०२२ ला ब्यूनोस आयर्स, २०२४ ला इस्तंबूल. अवयवांच्या खरेदी-विक्रीविरुद्धचा २००८ चा इस्तंबूल जाहीरनामा तिनेच आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी संघटनेबरोबर पुढे आणला. किडनी रॅकेटच्या बातम्या वाचून मान खाली घालावी लागलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

अडचण खर्चाची. वर्गणी डॉलरमध्ये आणि मुदत संपली की पुन्हा भरायची. अधिवेशनाचं विमानभाडं, व्हिसा वेगळा. शिकाऊ डॉक्टरांना वेगळा, स्वस्त दर असतो. पेपर पाठवायचा असेल किंवा बाहेर फेलोशिपचा विचार असेल, तर नेमकी हीच वर्षं टीटीएससाठी साधावीत. कन्सल्टंट झाल्यावर दोन वर्षांत एकदाही जर्नल उघडलं नाही, तर नूतनीकरणाचा मेल बिनदिक्कत सोडून द्या. मात्र फेलोशिप अमेरिकेत ठरलीच असेल तर तिथली प्रत्यारोपण सोसायटी एएसटी, युरोपात असेल तर तिथली एसॉट जास्त उपयोगी. गावात राहायचं तर गावच्या पारावर बसावं.

हृदय-फुप्फुसवाल्यांचा हिशोब निराळा. हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाची आंतरराष्ट्रीय सोसायटी आयएसएचएलटी हीच त्यांची पंढरी, वरची तुलना त्यांना फारशी लागू नाही.

आणि प्रत्यारोपण समन्वयकांनो, ‘या सोसायट्या डॉक्टरांच्या’ असं समजून मागे राहू नका. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर नातेवाइकांशी बोलणारे तुम्हीच असता. अवयवदान आणि अवयव मिळवण्याच्या कामासाठी टीटीएसचा आयएसओडीपी हा स्वतंत्र विभाग आहे. वर्गणीचं म्हणाल, तर ती रुग्णालयाकडून भरून मिळते का, हे आधी विचारा. बरेच जण विचारतच नाहीत.