जेनेन्टेक की बायोकॉन: पहिला पैसा कुठून येणार?

बायोटेक कंपनी काढायचं मनात असलेल्यांना मी आधी एकच विचारतो: पहिली चार-पाच वर्षं पगार कशातून करणार? जेनेन्टेक आणि बायोकॉन साधारण एकाच काळातल्या, पण या प्रश्नाची त्यांची उत्तरं पार वेगळी.

१९७६ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट स्वॉन्सन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून जेनेन्टेक काढली. विकायला काही नव्हतं, स्वतःची प्रयोगशाळाही नव्हती. जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून त्यांच्याकडून इन्सुलिन बनवून घ्यायचं स्वप्न होतं, पण आधी हात घातला तो सोमॅटोस्टॅटिनला, अवघ्या १४ अमिनो आम्लांच्या (प्रथिनांच्या विटांच्या) छोट्या हॉर्मोनला. १९७७ च्या पहिल्या प्रयत्नात हाती शून्य आलं, कारण तयार झालेला हॉर्मोन जिवाणू तिथल्या तिथे फस्त करत होते. मग तो एका मोठ्या प्रथिनाच्या टोकाला जोडून वाचवला आणि शेवटी रसायनाने कापून मोकळा केला. माझ्या मते कंपनी खरी उभी राहिली ती इथे. १९७८ मध्ये इन्सुलिन जमलं, एली लिली या मोठ्या औषध कंपनीशी करार झाला. १९८० मध्ये शेअर बाजारातून ३.५ कोटी डॉलर उभे राहिले, तेव्हा एकही औषध बाजारात नव्हतं! १९८२ मध्ये इन्सुलिनला मंजुरी मिळाली, पण विकलं लिलीने, जेनेन्टेकला फक्त रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा. स्वतःच्या नावाने औषध विकायला १९८५ उजाडलं, आणि १९९० मध्ये निम्म्याहून जास्त मालकी रोश या स्विस औषध कंपनीकडे गेली.

बायोकॉनकडे पहिल्या दिवसापासून माल होता. १९७८ मध्ये बंगळुरात, एका गॅरेजमध्ये, किरण मझुमदार-शॉ यांनी १०,००० रुपयांच्या भांडवलावर आयरिश कंपनीच्या भागीदारीत काम सुरू केलं. कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) आणि माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आयसिंग्लास. बिअर नितळ करायला दोन्ही लागतात, म्हणजे गिऱ्हाईक तयारच. बँका कर्ज देईनात, तरी वर्षभरात निर्यात सुरू झाली. एन्झाइम करता करता किण्वनावर (सूक्ष्मजीवांकडून पदार्थ बनवून घेण्यावर) हात बसला आणि त्याच जोरावर कंपनी औषधांकडे वळली. २००४ मध्ये तिने मानवी इन्सुलिन आणलं, त्याच वर्षी शेअर बाजारातही उतरली. जेनेन्टेकला शेअर बाजारात यायला ४ वर्षं लागली, हिला २६.

तुमच्याकडे नुसता औषधाचा रेणू असेल, तर बायोकॉनची वाट तुमच्यासाठी नाही. चाचण्या पुऱ्या होईपर्यंत विकणार काय? तेव्हा गुंतवणूकदार शोधा, आणि त्यांना दाखवायला स्वतःचं सोमॅटोस्टॅटिन निवडा: लहान, पण जमलं की शंका फिटेल असं. हाती एन्झाइम किंवा एखादी प्रक्रिया असेल आणि कारखाने ती आजच विकत घेणार असतील, तर मात्र हिस्सा विकायची घाई करू नका. वाढ हळू होईल, पण मालकी हातात राहील.

पहिली वाट धरलीत, तर मोठ्या कंपनीशी करार करताना सगळे हक्क देऊन टाकू नका. एखादा देश किंवा एखादा आजार स्वतःकडे राखा, आणि हे वकिलाला पहिल्याच बैठकीत सांगा.